पाठमोरा

“दाजी, जरा वाका ना. असं नाही, अजून थोडं. हां, तसेच राहा.”

मेहुण्याने मालकांचा खांदा हलकेच दाबला आणि तो त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. मालक लाँड्रीच्या काउंटरवर वाकले. त्यांच्या एका हातात कुणाच्या तरी जाकिटाची बाही होती आणि ओठांत टाचणी, म्हणून त्यांना नाही म्हणता आले नाही. काउंटरच्या पलीकडे एक शिक्षिका पडद्यांचे गाठोडे पोटाशी धरून उभी होती.

“हे असे वाकलेले. दुकान बंद करायची वेळ. एकच दिवा चालू. लंब्या मांजराच्या पावलांनी आत शिरला. शटरचा दांडा इथे कोपऱ्यात असतो, तो उचलला, आणि…”

मेहुण्याचा हात वर गेला. दांडा हवेतून खाली येताना होणारा आवाज त्याने तोंडाने काढला. मालकांनी मान खांद्यांत ओढून घेतली.

“बाई गं,” शिक्षिका म्हणाली. मग मालकांकडे वळून म्हणाली, “आणि तुम्हाला काहीच आठवत नाही?”

मालकांनी ओठांतली टाचणी काढली.

“पडदे बुधवारी मिळतील,” ते म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी जाकिटाला चिठ्ठी टाचली. पहिल्यांदा टाचणी वाकडी गेली, दुसऱ्यांदा बोटात गेली. मेहुणा खुर्चीवर बसून उजवा खांदा चोळत होता. वर्षभर तो खांदा आखडलेला होता आणि त्याविषयीही तो प्रत्येकाला सविस्तर सांगत असे.

ज्याचे जळते त्याला कळते म्हणतात. इथे सगळे उलटे होते. शेजारच्या औषधवाल्याला कळत होते, गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या चांभाराला कळत होते, त्या दिवशी गावातही नसलेल्या मेहुण्याला तर सगळ्यांत जास्त कळत होते. फक्त ज्याच्या डोक्याला टाके पडले त्याला काही माहीत नव्हते. मालकांना वाफेच्या इस्त्रीचे बटण बंद केल्याचे आठवत होते आणि त्यानंतर एकदम इस्पितळाचे छत आठवत होते. मधले कापड कुणीतरी कापून नेले होते.

“येईल, नाही तर नाही येणार,” डॉक्टर म्हणाले होते. “डोक्याला मार लागला की तेवढा भाग कधी कधी साठवलाच जात नाही. मागे लागू नका.”

पण मालक मागे लागले होते. दुपारी दुकानात कुणी नसले की ते काउंटरपाशी वाकून उभे राहत, डोळे मिटून घेत आणि कान टवकारत. वाफेची फुसफुस, डाग काढायच्या औषधाचा उग्र वास, वरच्या दांडीला टांगलेल्या कोटांवरच्या प्लॅस्टिकची सळसळ. सगळे होते, मारणारा तेवढा नव्हता.

“कशाला उकरत बसता?” आतल्या खोलीतून त्यांची बायको म्हणे. रफूचे आणि उसवलेल्या शिवणीचे काम ती आत मशीनवर करी. “मी बघितलंय ना? मग झालं तर.”

“मार मला बसला. बघितलं तू.”

“मग काय, तुम्हालाच बसला म्हणून मी आंधळी झाले?”

तिने त्याच खोलीच्या दारातून पाहिले होते. लंब्या त्यांच्याकडे इस्त्रीला होता. चार वर्षे होता. इतका उंच की टांगलेल्या कपड्यांखालून जाताना त्याला मान वाकवावी लागे. हल्ल्याच्या काही दिवस आधी त्याने एका गिऱ्हाइकाचा लोकरी कोट जाळला होता. मालकांनी तो जळका कोट भर दुकानात त्याच्या तोंडावर फेकला होता आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितले होते. जाता जाता लंब्या म्हणाला होता, “बघून घेईन.” निदान सगळे तसे म्हणत. मालकांना आठवत होते ते लंब्याचे थरथरणारे ओठ. त्यातून शब्द बाहेर पडले होते की नाही, हे त्यांना छातीवर हात ठेवून सांगता आले नसते.

दुकानातून काही चोरीला गेले नव्हते. मग राग, दुसरे काय? लंब्याला उचलले होते आणि खटला उभा राहिला होता. मालकांनी फक्त कोर्टात जाऊन सांगायचे होते. सांगायला त्यांच्याजवळ काही नव्हते.

आणि मग ते आले.

मालक एक जाड ब्लँकेट घडी घालत होते. घडी छातीशी दाबून त्यांनी वर पाहिले आणि डोळ्यांसमोर लख्ख उभे राहिले: पिवळा उजेड, वाकलेली पाठ, वर गेलेला हात, हातातला दांडा आणि त्यामागे लंब्याचा चेहरा. घामाने चमकणारा, दात आवळलेला. ब्लँकेट खाली पडले.

“अगं ए!” ते ओरडले. “आठवलं! मला आठवलं!”

बायको तोंडात दोरा तसाच धरून धावत आली. त्यांनी तिला सगळे सांगितले. पुन्हा सांगितले. ती मान डोलवत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होते.

“मी म्हणत नव्हते?” ती म्हणाली.

त्या दिवशी मालक पोटभर जेवले. हरवलेली वस्तू आपल्याच खिशात सापडावी तसे त्यांना हलके वाटत होते. आता त्यांचे त्यांच्याजवळ आले होते.

सरकारी वकीलबाईंच्या खोलीत खुर्च्यांवरही फायली होत्या. त्यांनी एक खुर्ची मोकळी करून दिली आणि चहात बिस्किट बुडवत म्हणाल्या, “सांगा. सावकाश, सुरुवातीपासून.”

मालकांनी सांगितले. बाई समाधानाने ऐकत होत्या.

“चेहरा नीट दिसला?”

“अगदी समोर दिसतोय.”

“कोणत्या हाताने मारलं?”

“डाव्या.”

बिस्किट चहात तुटून पडले. बाईंनी चमच्याने ते शोधले, पण लक्ष तिकडे नव्हते.

“तो डावखुरा आहे?”

चार वर्षे त्यांनी लंब्याला इस्त्री करताना पाहिले होते. उजव्या हातात इस्त्री, डाव्या हाताने पुढची सुरकुती सारखी करायची. डाव्या हाताच्या बोटांवर चटक्यांचे डाग होते, कारण इस्त्री त्या बाजूला सरकायची.

“नाही,” ते म्हणाले. “पण मला डावाच दिसतोय.”

“हाताचं राहू द्या. कुणी विचारलंच तर लक्षात नाही म्हणा. बाकी छान आहे.”

“अहो, पण दिसतोय ना डावा. चेहरा जितका दिसतोय तितकाच दिसतोय.”

“गडबडीत डावं-उजवं होतं माणसाचं,” बाई म्हणाल्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिले. “तुम्ही मनाला लावून घेऊ नका. चेहरा आहे ना? चेहरा पुरे.”

परत येताना मालक रस्त्याने स्वतःशीच हात वर करून बघत होते. एकदा उजवा, एकदा डावा. एका सायकलवाल्याला वाटले हे आपल्याला थांबवतायत. तो थांबला आणि मग शिव्या देत पुढे गेला.

दुकानाच्या पायरीवर येऊन मालक उभे राहिले. आत मेहुणा रंगात आला होता. मालक बाहेर गेले की तो सापडेल त्याला काउंटरवर वाकवी, आणि परत येताना मालकांनी ते कितीदा तरी दारातून पाहिले होते. आज औषधवाला वाकला होता.

“दाजी असे वाकलेले,” तो सांगत होता. “एकच दिवा चालू…”

त्याचा हात वर गेला. आखडलेल्या खांद्यामुळे उजवा हात छातीच्या वर जात नव्हता, म्हणून डावा.

मालक दारात होते आणि दारातून त्यांना सगळे दिसत होते. वाकलेली पाठ. वर गेलेला डावा हात. दिव्याचा पिवळा उजेड. काही कमी नव्हते, काही जास्त नव्हते. मेहुण्याच्या तोंडाच्या जागी लंब्याचे तोंड बसवले की झाले. आणि आता त्यांच्या लक्षात आले की ज्या पाठीकडे ते गेले काही दिवस मनातल्या मनात बघत होते ती त्यांची स्वतःचीच पाठ होती. स्वतःची पाठ माणसाला कुठून दिसणार?

“आले बघा दाजी,” मेहुणा म्हणाला. “दाजी, यांना तो घामाचा भाग तुम्हीच सांगा.”

“घाम कुणी सांगितला तुला?”

“म्हणजे? मीच तर सांगतो नेहमी. घाम आला असणारच ना माणसाला!”

औषधवाला कंबर धरून सरळ झाला. मालकांनी कोपऱ्यातला शटरचा नवा दांडा उचलला. दोघेही चपापून मागे सरले. त्यांनी तो दांडा आतल्या खोलीत नेऊन कपाटामागे उभा केला आणि बाहेर येऊन म्हणाले, “आता बास. उद्यापासून इथे नाटक नको.”

“नाटक?” मेहुणा म्हणाला. “मी तुमच्यासाठी घसा कोरडा करतो आणि तुम्ही नाटक म्हणता?”

तो तणतणत गेला. मालक आत गेले. बायको एका कोटाला बटण लावत होती. ते तिच्यासमोर स्टुलावर बसले.

“एक विचारू? चिडू नकोस.”

“चिडण्यासारखं असेल तर चिडेनच.”

“लंब्याचं नाव तू पहिल्यांदा कधी घेतलंस?”

सुई थांबली. “फौजदारांनी विचारलं तेव्हा. इस्पितळात. कुणाशी वाकडं होतं का म्हणाले.”

“त्याआधी?”

“त्याआधी तुम्ही रक्तात पडला होतात. मी नाव घेत बसू?”

“तसं नाही. त्याला बघितलंस, तेव्हाच तुला कळलं का, की हा लंब्या?”

“आधी बघितला,” ती म्हणाली. “मग ओळखला.”

“मग म्हणजे कधी?”

तिने दोरा दातांनी तोडला. “तुमचं म्हणणं काय आहे नक्की? मी खोटं बोलते?”

“नाही गं. खोटं कुणीच बोलत नाहीये. तेच तर.” त्यांनी दोन्ही हातांनी डोके धरले. टाक्यांची जागा बोटांखाली उंचसखल लागत होती. “मला जे आठवलं ना, ते तुझ्या भावाचं आहे. माझं नाहीच.”

“काहीतरीच. त्या दिवशी एवढे आनंदाने नाचत होतात.”

“नाचत होतो खरा.”

ती कोट झटकत उठली. “मला दिसलाय तो. स्पष्ट दिसलाय. माझ्या डोक्यात आता तुमचा किडा सोडू नका.”

कोर्टात मालकांनी सांगितले की त्यांना आठवत नाही. वकीलबाईंनी तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला, त्यांनी तेच उत्तर दिले. दर वेळी त्यांना वाटत होते की आपण खोटे बोलतोय. कारण चित्र गेले नव्हते. ते कुठून आले हे कळल्यावर ते पुसले जाईल असे त्यांना वाटले होते, पण ते होते तसेच होते, घामासकट. समोर पिंजऱ्यात लंब्या मान खाली घालून उभा होता आणि त्याच्याकडे पाहिले की मालकांच्या मानेवरचे केस उभे राहत होते.

मग बायकोला बोलावले. लंब्याचा वकील तरुण होता, आवाज न चढवता बोलणारा. तो म्हणाला, “नंतर काय काय कळलं ते सगळं बाजूला ठेवा. दारातून, त्या वेळी, तुम्हाला काय दिसलं तेवढंच सांगा.”

ती कठड्याची कड चोळत राहिली.

“पाठ,” ती म्हणाली. “पाठ आणि हात.”

“आणि चेहरा?”

“चेहरा नंतर…” एवढे बोलून ती थांबली आणि तिने मालकांकडे पाहिले. त्या बघण्यात मदतीची याचना नव्हती. तिच्या घरात शिरून कुणी काहीतरी नेले होते आणि ते कुणी नेले हे तिला ठाऊक होते, असे ते बघणे होते.

लंब्या सुटला. वकीलबाई मालकांशी न बोलता निघून गेल्या. मेहुण्याने बहिणीला फोनवर सांगितले की घरचेच माणूस उलटले तर बाहेरच्यांना काय बोलायचे, आणि येणे बंद केले. बायको मशीन चालवत राहिली. पूर्वी ती कामाबरोबर काहीबाही बोलत असे, आता मशीनच बोलत असे.

मालकांना वाटले होते की खरे वागल्याचे थोडे तरी समाधान मिळेल. ते मिळाले नाही. ज्याने मारले तो कुठेतरी होता. कदाचित कपडेही टाकून जात असेल. चिठ्ठी टाचताना ते आता भिंतीला पाठ लावून उभे राहत, आणि दारात सावली पडली की त्यांची टाचणी चुकत असे. डोक्यात मात्र अजून लंब्याच दांडा उगारत होता, डाव्या हाताने. चूक आहे हे माहीत असूनही चूक जात नव्हती. कोटावरचा डाग असता तर त्यांनी तो कधीच काढला असता.

एका दुपारी दारात उजेड अडला. मालकांनी वर पाहिले. दाराच्या चौकटीला डोके लागू नये म्हणून मान वाकवलेला लंब्या उभा होता.

मालकांचा हात आपोआप डोक्याकडे गेला. तळवा बाहेर, कोपर वर. त्यांनी तो खाली घ्यायचा प्रयत्न केला, पण तो लगेच खाली आला नाही. लंब्याने ते पाहिले. तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

“काम मागायला नाही आलो, मालक.”

“मग?”

“आत येऊ?”

मालकांनी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते त्यांनाही कळले नाही. लंब्या आत आला आणि काउंटरपासून दूर, टांगलेल्या कपड्यांपाशी उभा राहिला. तो वाळला होता. आतल्या खोलीत मशीन चालू होते.

“तुम्ही कोर्टात माझ्या विरुद्ध बोलला नाहीत,” तो म्हणाला. “आई म्हणाली, जाऊन पाया पड.”

“काही गरज नाही.”

“पडणार नव्हतोच.” तो खिन्नपणे हसला. मग एका कोटाच्या बाहीवरची सुरकुती त्याने सवयीने डाव्या हाताने सारखी केली. “मालक, मला एक विचारायचंय. दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही.”

“विचार.”

“त्या संध्याकाळी मी घरी झोपलो होतो. अंग दुखत होतं. पहिल्या दिवसापासून हेच सांगत आलो. आत रोज विचारायचे. कुठून आत शिरलास, दांडा कसा धरलास, पहिला घाव कुठं. मी नाही नाही म्हणायचो. मग त्यातला एक जण, चांगला होता तो, चहा द्यायचा, तो म्हणाला, अरे, राग डोक्यात गेला की माणसाला नंतर आठवत नाही. तुझंही तसंच झालं असेल. शांतपणे आठवून बघ.” लंब्याने बाही सोडून दिली. “मी बघितलं आठवून. रोज बघत होतो. दुसरं काम काय होतं?”

मालकांनी काउंटरवरची टाचणी उचलून डबीत ठेवली.

“आता दिसतं मला. हा काउंटर दिसतो. तुम्ही वाकलेले दिसता. दांड्याचा गारवा लागतो हाताला.” त्याने दोन्ही तळवे उघडून पाहिले. “आणि आई परवा म्हणते, तू झोपला होतास खरा, पण मध्ये उठून कुठं गेला होतास का रे? आधी असं कधी म्हणाली नव्हती.”

“लंब्या…”

“मारावंसं वाटलं होतं, मालक. खोटं कशाला बोलू? तो कोट तुम्ही तोंडावर फेकलात तेव्हापासून झोपताना रोज मारत होतो तुम्हाला. म्हणूनच कळेना. हे तेव्हाचं आहे की खरं घडलंय.” त्याचा आवाज चिरकला. “तुम्ही होतात ना तिथं? तुम्हीच होतात. सांगा मला. मी होतो का हो?”

मालकांना माहीत नव्हते. ते तसे सांगू शकत होते. कोर्टात सांगितले होते. पण कोर्टाने त्यांना असे पाहिले नव्हते. चार वर्षे ज्याला ते ओरडून कामाला लावत आले होते तो माणूस उघडे तळवे पुढे धरून उभा होता आणि त्या तळव्यांवर काय ठेवायचे ते त्यांच्या हातात होते.

“नव्हतास,” मालक म्हणाले.

“नक्की?”

“मी पाहिलंय ना. दुसराच होता.”

“कोण?”

“ओळखीचा नव्हता.” मालकांनी घसा साफ केला. लंब्या वाट बघत होता. एवढ्याने त्याचे भागणार नव्हते. “बुटका होता. माझ्या खांद्याला लागेल एवढा. अंगात राखाडी स्वेटर. नाक वाहत होतं त्याचं, सारखा ओढत होता.”

लंब्याने डोळे मिटले. त्याचे खांदे खाली आले, मग मानही. आतले मशीन केव्हा थांबले ते दोघांच्याही लक्षात आले नाही. लंब्याने डोळे उघडले तेव्हा त्यांत सुटका होती आणि सुटकेच्या मागून राग वर येत होता.

“मग हे तिथं का नाही सांगितलंत?” तो म्हणाला. “मालक, इतके महिने आत होतो मी. का नाही सांगितलंत?”

“आत्ता आठवलं,” मालक म्हणाले.

लंब्या त्यांच्याकडे बघत राहिला. मग तो मान वाकवून दारातून बाहेर पडला. जाताना त्याने मागे वळून पाहिले नाही. त्याची लांब पाठ गल्लीतून जाताना मालकांना बराच वेळ दिसत होती.

आतल्या खोलीच्या दारात बायको उभी होती. हातात अर्धवट शिवलेले अस्तर होते.

“बुटका होता?” तिने विचारले.

अगं, मी आपलं त्याच्यासाठी म्हणालो, असे सांगायला मालक वळले. पण ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती काउंटरच्या अलीकडच्या रिकाम्या जागेकडे बघत होती, खाली, माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर, डोळे बारीक करून.